दरबारची आखणी आणि दुकानाची दर्शनी बाजू

कोल्हापूरचा रहिवासी आपला पत्ता ‘राजारामपुरी, सातवी गल्ली’ किंवा ‘शाहूपुरी, तिसरी गल्ली’ असा सहज सांगून जातो. परंतु ज्या शहरात गुजरी, कुंभार गल्ली अशी नावे त्या त्या वस्तीने आपल्या व्यवसायावरून आपोआप मिळविली, त्याच शहराच्या पूर्वभागात गल्ल्यांना नुसते अंक असावेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जुन्या गावात माणसे आधी आली आणि वाट त्यांच्या पावलांनी पडली. या पेठांत मात्र रेघ आधी नकाशावर ओढली गेली आणि दुकानदार मागाहून येऊन तिच्या कडेला बसला. नव्या दुकानांच्या इमारतींचे रूप नगररचना खात्याने ठरवावे की ज्याची जागा त्याने, हा वाद आज व्यापारी संकुलांच्या निमित्ताने वरचेवर निघतो. पण जणू हा प्रश्न आपल्यापुढे प्रथमच आला आहे अशा समजुतीने जे बोलले जाते, ते मला खरे वाटत नाही. करवीरच्या, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या, दरबाराने या प्रश्नाला आपल्या पद्धतीने उत्तर देऊन ठेवलेले आहे, आणि ते दगडाविटांत आजही उभे आहे.

त्या उत्तराची मुळे दरबाराच्याही मागे जातात. मराठी राज्यात नवी पेठ वसवावयाची म्हणजे सरकारातून कौल दिला जाई; उदमी लोकांना काही वर्षे जकातीची व पट्टीची माफी मिळे, शेटे आणि महाजन नेमले जात, आणि दुकानदारांस आणून बसविणे, त्यांच्या जागांचे तंटे तोडणे, बाजाराचा बंदोबस्त राखणे ही कामे वतन म्हणून त्यांच्याकडे सोपविली जात. इमारतीच्या कमानी कोणत्या घाटाच्या असाव्यात हे कौलात सांगण्याची चाल नव्हती. तथापि बाजार कोठे भरावा आणि तेथे कोणी यावे, याविषयी सरकार कधीच उदासीन नव्हते. कोल्हापूरच्या मंगळवार, बुधवार, शुक्रवार आदी पेठा तटबंदीच्या शहराबरोबर वाढल्या. पुढे तट पडला, बिंदू चौकापाशी त्याचा काही भाग उरला, आणि गंगावेशीसारख्या वेशींची केवळ नावे राहिली. त्या कोटातील बाजार दाट होता, सावलीचा होता, आणि अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वाराशी येणाऱ्या यात्रेकरूंच्या गर्दीवर पोसलेला होता. गाड्याच्या गाड्या माल उतरवून घेण्याची सोय मात्र त्यात नव्हती.

1891 साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली आणि ही उणीव एकाएकी डोळ्यांत भरू लागली. पुढे 2 एप्रिल 1894 रोजी शाहू छत्रपतींनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली आणि दुसऱ्याच वर्षी, म्हणजे 1895 मध्ये, रेल्वे स्थानकाच्या अंगाला, जयंती नाल्यापलीकडे, गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी ही पेठ वसविली. वीस-एकवीस वर्षांच्या राजाने कारभाराच्या आरंभीच राजवाडा वा मनोरा न उभारता गुळाची पेठ उभारावी, यात त्याच्या दृष्टीची जी दिशा दिसते ती पुढील अठ्ठावीस वर्षांत बदलली नाही. पन्हाळा, करवीर, कागल या भागांतील गुऱ्हाळांतून निघालेला गुळाचा रवा आगगाडीच्या डब्यापर्यंत कमीत कमी हातांतून जावा, हा त्या आखणीचा हेतू. आणि सरळ, समांतर, गाडी फिरेल इतक्या रुंद गल्ल्या हे त्या हेतूचे दृश्य रूप.

त्या काळच्या घडणीचे एखादे दुकान अजून व्यापारी पेठेत किंवा लक्ष्मीपुरीत दृष्टीस पडते, तेव्हा ते थांबून पाहावे. घडीव काळ्या दगडाचे जोते कमरेइतके उंच, बैलगाडीच्या साटीशी जुळणारे, म्हणजे पोते किंवा रवा उचलून वर न चढविता नुसता आत सरकवावा. जोत्यापुढे ओटा, ओट्यावर लाकडी खांबांनी पेललेली ओसरी, वर मंगलोरी कौलांचा उतार, आणि दर्शनी बाजूला दरवाजाऐवजी खाचेत एकापुढे एक सरकणाऱ्या फळ्या, ज्यांच्यावर क्रम चुकू नये म्हणून रंगाने अंक घातलेले. सकाळी फळ्या निघाल्या की भिंत नाहीशी होते आणि गादी, तक्क्या, काटा, वह्यांचे मेज हे सारे रस्त्याच्या डोळ्यांसमोर येते. वजन होते ते उघड्यावर, सौदा होतो तो चारचौघांत. मापाडी आणि हमाल ओसरीच्या सावलीत बसतात, पावसात अनोळखी वाटसरूही तेथेच उभा राहतो आणि त्याला कोणी हटकत नाही. ही ओसरी मालकाच्या जागेवर असूनही तिचा निम्मा उपभोग रस्ता घेतो. माझ्या मते दुकानाच्या वास्तुकलेचे सारे रहस्य या दहा फुटांच्या पट्ट्यात आहे. त्यावरचे मजले मालकाने कसेही सजवावेत.

शाहूपुरीचा प्रयोग एकटा राहिला नाही. शिरोळ भागात, सांगलीच्या बाजारपेठेपासून जवळच, महाराजांनी आपले जनकपिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने जयसिंगपूर हे नगर माळरानावर वसविले. तेथेही काटकोनांत जाणारे रस्ते आणि अंकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या. महाराजांच्या निधनानंतर राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1922 ते 1940 या काळात, मातोश्री लक्ष्मीबाईंच्या नावाची लक्ष्मीपुरी आणि पुढे राजारामपुरी अशी ही परंपरा चालू राहिली. राजारामपुरीचा मुख्य रस्ता मध्यभागी पाठीच्या कण्यासारखा, दोन्ही अंगांना गल्ल्या. दुकाने मुख्य रस्त्यावर, घरे आत. दरबाराने येथे जे ठरविले ते रस्त्याची रुंदी, भूखंडाचे माप, व्यापाराची जागा. प्रत्येकाच्या कठड्याची नक्षी मात्र प्रत्येकाची निराळी राहिली, आणि तरीही रस्ता एक दिसला.

येथे आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. भाऊसिंगजी रस्त्यावर गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या उत्तेजनाने चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा गाव घेईना, तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. बाजाराच्या मुख्य रस्त्यावर कोणाला बसता येते, हा या राजाच्या दृष्टीने बाजाराच्या रचनेचाच भाग होता. म्हणून दुकानांच्या दर्शनी बाजूविषयी नियम करताना पहिली कसोटी हीच लावावी, की त्या नियमाने लहान दुकानदार रस्त्यावरून उठणार तर नाही ना. चप्पल लाइनीतील चार हात रुंदीच्या दुकानाला दगडी कमान आणि संगमरवरी पायरी सक्तीची केली, तर शोभा वाढेल आणि चर्मकार नाहीसा होईल.

नियमाने शोभा आणि स्वातंत्र्य दोन्ही साधल्याचे उदाहरण आपल्याच प्रांतात आहे. मुंबईच्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, 1896 मध्ये सरकारने नियम घातला की रस्त्याकडील प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा आच्छादित मार्ग सोडावा. त्या कमानींवर कोणी गॉथिक शैली योजली, कोणी अभिजात युरोपीय, कोणी हिंदी-इस्लामी. पण बोरीबंदरापासून फ्लोरा फाउंटनपर्यंत भर पावसात चालणाऱ्याला सलग छत्र मिळाले. याउलट चंडीगढच्या 17 व्या सेक्टरमध्ये काँक्रीटच्या चौकटीचे माप आणि अंतर सर्व इमारतींना एकच लावून दिले गेले. तेथील पडव्या सावलीला उत्तम आहेत, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. परंतु एका दुकानदाराचा स्वभाव दुसऱ्याहून निराळा असतो, हे त्या भिंतींवरून कळत नाही. मुंबईच्या नियमाने एकच गोष्ट मागितली आणि ती नेमकी रस्त्याच्या हक्काची होती.

1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, 1972 च्या डिसेंबरात नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि आखणीचा अधिकार दरबाराकडून कायद्याकडे आला. 1966 चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आणि 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली यांनी चटईक्षेत्र, सामासिक अंतर, वाहनतळ यांचा हिशेब काटेकोरपणे बांधून दिला. हा हिशेब आवश्यकच आहे. तथापि त्या हिशेबातून जी इमारत निघते ती पाहावी. राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर जुनी ओसरी पाडून तिच्या जागी काचेचा बंद पडदा येतो, पश्चिमेचे ऊन त्यावरून परतून समोरच्याच्या डोळ्यांत जाते, आत यंत्राने थंडावा करावा लागतो आणि त्या यंत्राची उष्ण हवा पदपथावर सोडली जाते. जाहिरातीचा फलक मजल्याहून उंच होतो. जोते जाऊन उतार येतो, तोही मोटार तळघरात नेण्यासाठी. ओसरीत उभा राहणारा वाटसरू रस्त्यावर ढकलला गेला, याची नोंद परवान्याच्या कोणत्याही रकान्यात होत नाही.

आणि जोते गेल्याची किंमत पाण्याने वसूल केली. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची धोक्याची पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांपलीकडे चढले आणि जयंती नाल्यावाटे मागे फिरून लक्ष्मीपुरी व शाहूपुरीच्या सखल भागांत शिरले. 2021 मध्ये पुन्हा तेच झाले. एवढ्या पुरापुढे कमरेइतके जोते सर्वत्र टिकले असते असे कोणी म्हणणार नाही; पण वितभर पाणी आणि तळघरात साठविलेल्या मालावर दोन पुरुष पाणी यांत फार मोठा फरक आहे, आणि तो फरक इमारतीच्या रचनेत असतो.

हे सुधारण्यासाठी नवा कायदा नको. 1966 च्या कायद्याच्या कलम 22 मध्येच विकास योजनेला इमारतींची उंची, मजले आणि स्वरूप, माल चढविण्या-उतरविण्याची जागा, पुढे आलेले भाग आणि जाहिरातफलकांचे आकार यांविषयी अटी घालण्याची मुभा आहे. तिचा उपयोग करून महापालिकेने बाजाराच्या रस्त्यांपुरत्या चार अटी घालाव्यात: तळमजल्यावर सलग आच्छादित पडवी, पूररेषा पाहून ठरविलेली जोत्याची उंची, फलकाला माप, आणि लहान भूखंडाला वाहनतळाच्या अटीत सवलत, जेणेकरून दोन-चार जुनी दुकाने मोडून एक संकुल करण्याची पाळी येऊ नये. पडवीसाठी सोडलेली जागा चटईक्षेत्रात धरू नये, म्हणजे मालकाचेही नुकसान होणार नाही. या अटींचा आराखडा प्रथम शाहूपुरीच्या गल्ल्यांत, तेथील अडत्यांना, हमालांना आणि पथारीवाल्यांना समोर बसवून तयार करावा. कारण माल कोठे उतरतो आणि पाणी कोठून येते, हे त्यांच्याइतके कोणत्याही नकाशाला ठाऊक नाही.