इब्राहिमची लेकरे मराठी मुलखात

राजगुरुनगर म्हणजे जुने खेड, भीमेच्या काठचे गाव. गावात दिलावरखानाची मशीद आणि कबर आहे. ही वास्तू सतराव्या शतकाच्या आरंभीची, निजामशाहीच्या अखेरच्या काळातली मानली जाते. याच तालुक्यात दक्षिणेला इंद्रायणीकाठी आळंदी आहे. ज्या ओवीत ज्ञानदेवांनी गीता मराठीत आणली, त्या ओवीचे हे तीर्थ. खेडची मशीद ज्या पिढीची, त्याच पिढीत गोव्याच्या साष्टी भागात एक इंग्रज पाद्री बायबलची कथा मराठी ओवीत रचत होता, आणि पुढच्या पिढीत श्रीगोंद्याला एक मुसलमान सत्पुरुष त्याच छंदात आपला ग्रंथ लिहिणार होता. ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्या सख्याचा विचार आपल्याकडे सहसा दूरच्या देशांतले दाखले देऊन होतो. माझे म्हणणे असे की या सख्याचा पाया मराठी मुलखातही घातला गेला, आणि तो दरबारातल्या वादसभांपेक्षा मराठी भक्तीच्या घाटात अधिक पक्का बसला.

दोन्ही धर्मांत सामाईक काय आहे, ते आधी पाहू. एकच निर्माता, त्याने पाठवलेले प्रेषित, शेवटी होणारा निवाडा, उपवास, प्रार्थना आणि गरिबाचा हक्क मानून दिलेले दान, हे दोन्हीकडे आहे. आदम, नूह, इब्राहिम, यूसुफ, मूसा आणि दाऊद ही नावे दोन्हीकडे आदराने घेतली जातात. कुराणाचा एकोणिसावा अध्याय मरियमच्या नावाचा आहे. साऱ्या कुराणात नावाने आलेली ती एकटीच स्त्री. येशूचा जन्म कुमारिकेच्या पोटी झाला, हे मुसलमानही मानतात आणि त्याला मसीह म्हणतात. इस्लामी परंपरेनुसार इसवी सन ६१५ च्या सुमारास मक्केतल्या छळाला कंटाळून पहिल्या मुसलमानांची एक तुकडी समुद्र ओलांडून हबशी देशात गेली. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. मक्केवाल्यांनी माणसे पाठवून या निर्वासितांना परत मागितले. तेव्हा जाफर इब्न अबी तालिब यांनी भर दरबारात मरियमच्या अध्यायातला भाग म्हणून दाखवला. तो ऐकून राजाने त्यांना परत द्यायला नकार दिला. इस्लामला पहिला आश्रय एका ख्रिस्ती सिंहासनाने दिला आणि तोही मरियमच्या कथेपायी, ही आठवण मुसलमानांच्या इतिहासग्रंथांनीच जपली आहे.

त्याच हबशी देशातून हजार वर्षांनी मलिक अंबर दख्खनेत आला. तो आश्रयाला आला नव्हता. गुलाम म्हणून विकला जात तो इथे पोचला, आणि हा फरक झाकण्याचे कारण नाही. पण १६०० नंतर निजामशाहीची सूत्रे त्याच्याच हाती होती, आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत तो मोगलांशी झुंजला. जुन्नर-चाकणचा हा टापू त्याच निजामशाहीतला. शिवनेरी आणि चाकणचे किल्ले मालोजीराजे भोसल्यांकडे सोपवले होते असे बखरी सांगतात. हेच मालोजी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना मानत आणि त्यांनी तिथे त्यांना जमीन दिली, असे परंपरा सांगते. म्हणजे आज जिथे कारखान्यांच्या चिमण्या दिसतात तो पट्टा तेव्हा ज्या राज्यात होता, त्याच राज्यात हबशी वजीर, मराठा सरदार आणि मुसलमान संतकवी नांदत होते. ख्रिस्ती माणूसही फार दूर नव्हता. घाटाखाली चौलला पोर्तुगीज होते, आणि चौलला उतरलेला माल घाट चढून याच मुलखात येई.

या सरहद्दीवरचा माझ्या मते सर्वांत बोलका माणूस म्हणजे गार्सिया द ओर्ता हा वैद्य. दख्खनेतल्या औषधी वनस्पतींवरचे त्याचे पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापले गेले. तो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा उपचारक होता आणि त्याच्याशी असलेल्या मैत्रीचा उल्लेख तो स्वतःच करतो. निजामशहाच्या दरबारातल्या मुसलमान हकिमांशी त्याच्या चर्चा होत, अरबी वैद्यकावरही तो मोकळेपणाने लिहितो. हा ओर्ता मूळचा ज्यू कुळातला, बाप्तिस्मा झालेला. तो १५६८ मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या धर्मन्यायालयाने जाळले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली गेली. मुसलमान सुलतानाच्या घरी ज्याला आसन मिळाले, त्याला ख्रिस्ती सत्तेच्या गावात कबरही नीट लाभली नाही. यावरून एक धर्म चांगला आणि दुसरा वाईट असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. दिसते ते इतकेच, की त्या काळच्या क्रौर्याची रेघ धर्माधर्मांमधून सरळ गेलेली नव्हती. सत्ता जिथे माणसाच्या मनाची झडती घेऊ लागली, तिथे ती रेघ उमटली.

आता वादसभांकडे वळू. नोव्हेंबर १५७९ मध्ये रुदोल्फो आक्वाविवा हा जेझुइट पाद्री आणि त्याचे दोन सोबती गोव्याहून अकबराच्या बोलावण्यावरून निघाले आणि १५८० च्या आरंभी फत्तेपूर सिक्रीला पोचले. बादशहाने त्यांच्या ग्रंथांचा मान राखला, मौलवींशी त्यांचे वाद ऐकले. तीन वर्षे हे चालले. शेवटी आक्वाविवा हताश होऊन परतला आणि त्याच वर्षी, १५८३ मध्ये, साष्टीतल्या कुंकळ्ळीला मारला गेला. वादात दोन्ही बाजू ठाम राहिल्या, कोणी कोणाचे मन वळवले नाही. पण त्याच दरबाराने एक गोष्ट मागे ठेवली. खानदेश आणि दख्खनच्या स्वारीनंतर, असीरगड पडल्यावर, १६०१ मध्ये अकबराने फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर लेख कोरवला. त्यात येशूच्या नावे एक वचन आहे: जग हा एक पूल आहे, तो ओलांडावा, त्यावर घर बांधू नये, अशा आशयाचे. हे वचन बायबलात नाही. ते मुसलमानांच्या परंपरेत शतकानुशतके येशूच्या तोंडी सांगितले जात होते. खानदेशच्या विजयाची नोंद करताना बादशहाने विजयाच्या क्षणभंगुरतेची साक्ष मरियमच्या मुलाकडून घेतली. वादसभेत जे जमले नाही ते दगडात जमले, कारण तिथे कोणाला हरवायचे नव्हते.

आक्वाविवा उत्तरेकडे निघण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ऑक्टोबर १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स हा तरुण इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला होता. त्याने बाकीचे बहुतेक आयुष्य साष्टीत घालवले आणि तो १६१९ मध्ये वारला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल इथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात सुमारे ११ हजार ओव्या आहेत, त्याही संतकवींच्या वळणाच्या. पहिल्या भागाला तो ‘पैलें पुराण’ म्हणतो. त्यात सृष्टीची उत्पत्ती, आदम, नूह, अब्राहम, जोसेफ, मोझेस, दावीद यांच्या कथा आहेत. ‘दुसऱ्या पुराणात’ मरिया आणि येशू आहेत. पैल्या पुराणातली माणसे मुसलमान वाचकाला परकी वाटण्याचे काहीच कारण नव्हते. नावांचे उच्चार वेगळे आणि कथांच्या तपशिलांत फरक, इतकेच. कुर्बानीच्या कथेत मुलगा इसहाक की इस्माईल, हा त्यातला ठळक फरक आहे. पण एका बापाने ईश्वराच्या शब्दावर आपले सर्वस्व पुढे ठेवले, हा गाभा एकच.

दुसऱ्या बाजूला शेख महंमद. त्यांचा ‘योगसंग्राम’ १६४५ चा. मुसलमान घरात जन्मलेल्या या माणसाने कादिरी सूफी परंपरेतल्या चांद बोधल्यांकडून उपदेश घेतला आणि पंढरीच्या वाटेची भाषा आपली केली. त्यांच्या ग्रंथात एकच निर्गुण ईश्वर आहे, ढोंगी गुरूंवर आणि रक्ताच्या बळींवर कोरडे आहेत, जीवाने आपल्याच विकारांशी करायचे युद्ध आहे. स्टीफन्सनेही मूर्तीपुढे मान तुकवण्याला विरोध करत त्याच एका निर्मात्याकडे बोट दाखवले. दोघे एकमेकांना भेटले नाहीत. एकाने दुसऱ्याला वाचले असेल असे म्हणायला आधार नाही, आणि तशी कल्पना रंगवण्याची गरजही नाही. महत्त्वाचे हे की दोघांना आपली श्रद्धा शेजाऱ्याला कळेल अशा रीतीने सांगायची होती, आणि दोघांना त्यासाठी आळंदीची वाट सापडली. ज्ञानदेवांच्या ओवीने दोघांनाही नम्रता शिकवली. ओवी वाद जिंकायला बांधलेली नाही. ती बसलेल्या माणसांना ऐकवायची असते, आणि ऐकणारा उठून जाऊ नये याची काळजी तिला घ्यावी लागते.

यावर पहिला आक्षेप येईल तो सिद्धान्ताचा, आणि तो गंभीर आहे. ख्रिस्ती माणूस येशूला देवाचा पुत्र मानतो, कुराण ते नाकारते. येशू क्रुसावर मेला यावर ख्रिस्ती धर्म उभा आहे, कुराणाच्या चौथ्या अध्यायात त्याचाही इन्कार आहे. हे फरक वरवरचे आहेत असे सांगणारा दोन्ही धर्मांचा अपमान करतो. पण सामाईक श्रद्धा म्हणजे एकसारखी श्रद्धा नव्हे. १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या निवेदनात मुसलमानांविषयी आदर व्यक्त केला, तेव्हा येशूच्या ईश्वरत्वाचा फरक त्यातच नमूद केला होता. २००७ मध्ये १३८ मुसलमान विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना जाहीर पत्र लिहून ईश्वरावरचे प्रेम आणि शेजाऱ्यावरचे प्रेम या दोन आज्ञांवर एकत्र उभे राहण्याचे आवाहन केले. त्यांनीही त्रैक्याचा, म्हणजे एका देवात तीन व्यक्ती मानण्याचा, प्रश्न सुटला असा दावा केला नाही. फरक उघडपणे मान्य करूनही एका पंगतीला बसता येते, हे वारकरी मुलखातल्या माणसाला फार समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप रक्ताचा. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कच्या सैन्याने तिथल्या मुसलमानांची कत्तल केली. त्याआधी १५०२ मध्ये वास्को द गामाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळले होते. उलट १५७० मध्ये आदिलशहाने गोव्याला आणि निजामशहाने चौलला वेढा घातला. यांतले काहीही पुसून टाकता येत नाही. मात्र ते वेढे नीट पाहिले तर भांडण बंदरांचे, घोड्यांच्या व्यापाराचे आणि समुद्रावरच्या परवान्यांचे दिसते. धर्माचा झेंडा दोघांनी उभारला, पण वेढे फसल्यावर १५७१ मध्ये तहही त्यांनीच केले. धर्म हेच खरे कारण असते तर तह इतक्या लवकर झाले नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत टोचतो: स्टीफन्सची ओवी हे धर्मांतराचे हत्यार नव्हते काय? होते. त्याचे श्रोते नव्याने ख्रिस्ती झालेले लोक होते आणि त्यांच्यामागे पोर्तुगीज सत्तेचा धाक होता. पुढे एतिएन द ला क्रुआ या जेझुइटाने पीटरपुराणात हिंदू देवतांवर केलेला हल्ला कडवट आहे. तरीही हत्यार म्हणून हाती घेतलेली भाषा घेणाऱ्याला बदलते. हे सर्वांत आधी कळले ते सत्तेलाच. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. भाषेतून फक्त आज्ञा गेली असती तर बंदीची गरज पडली नसती. मराठी ख्रिस्ती साहित्याचा तो प्रवाह त्यानंतर आटला. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्ती भजनाला पुन्हा अभंगाचा घाट दिला. आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा बाप्तिस्मा न झालेल्यांनाही त्यात जागा ठेवली.

लोकांनी मात्र पंडितांची वाट पाहिली नाही. मुंबईत माहीमला पंधराव्या शतकातले कुराणाचे भाष्यकार मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे आणि जवळच सेंट मायकेलचे चर्च. दर्ग्याला ख्रिस्ती जातात, आणि बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला मुसलमानही मेणबत्त्या घेऊन येतात. वांद्र्याच्या माउंट मेरीची सप्टेंबरची जत्रा कोणा एका धर्माची राहिलेली नाही. पुण्यात सवाई माधवरावांनी आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती सैनिकांसाठी जमीन दिली आणि १७९२ मध्ये क्वार्टर गेटजवळचे चर्च उभे राहू लागले. पेशव्यांच्याच फौजेत मुसलमान गारदीही होते. मराठी राज्यात हे दोघे शेजारी एका तिसऱ्याच्या छपराखाली राहायला शिकले.

आज चाकण-राजगुरुनगरच्या पट्ट्यात देशभरातून आलेले कामगार भाड्याच्या खोल्यांतून शेजारी शेजारी राहतात, आणि त्यांत ख्रिस्ती आणि मुसलमान दोन्ही आहेत. त्यांच्या मुलांच्या हाती या मातीचा हा वारसा द्यायला फार खटाटोप लागणार नाही. रोमन लिपीतले क्रिस्तपुराण शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये देवनागरीत आणले आहे. योगसंग्रामाची वा. सी. बेंद्रे यांनी संपादित केलेली आवृत्ती आहे. तालुक्यातल्या शाळांनी आणि वाचनालयांनी ही दोन पुस्तके ज्ञानेश्वरीच्या शेजारी ठेवावीत, आणि एखाद्या संध्याकाळी तिन्हींतली दहा-दहा पाने एका बैठकीत मोठ्याने वाचावीत.