टायटेनियम ऑक्साइडपासून कार्बाइड आणि नायट्राइड कसं बनतं?

ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावर गेलात तर वाळूवर काळे पट्टे दिसतात. लहानपणी मी त्यात चुंबक फिरवायचो आणि त्याला दाढी फुटायची. ती मुख्यतः मॅग्नेटाइटची. सह्याद्रीच्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टात, इल्मेनाइटही असतं. ते लोह आणि टायटेनियमचं ऑक्साइड. साध्या चुंबकाला फारसं दाद देत नाही. रायगडच्या दक्षिणेला, रत्नागिरी जिल्ह्यातल्या काळबादेवी-मालगुंड पट्ट्यात त्याचे मोठे साठे आहेत.

इल्मेनाइटपासून रंगातलं पांढरं टायटेनियम डायऑक्साइड बनतं, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. पण त्याच पांढऱ्या पावडरपासून टायटेनियम कार्बाइडही बनतं. ते साधारण 3,100 अंश सेल्सियसला वितळतं आणि लेथवर पोलाद कापणाऱ्या टिपांमध्ये वापरलं जातं. शुद्ध टायटेनियम धातूपासूनही ते करता येतं, पण धातू महाग. म्हणून सुरुवात ऑक्साइडपासून.

कृती ऐकायला सोपी आहे. ऑक्साइड आणि काजळी एकजीव दळायची आणि हवा न लागू देता भट्टीत तापवायची. कार्बन ऑक्सिजन ओढून घेतो आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो. हिशेब असा: 80 ग्रॅम ऑक्साइड, 36 ग्रॅम कार्बन, हाती येतं 60 ग्रॅम कार्बाइड, उरलेला 56 ग्रॅम वायू. जवळजवळ अर्धा माल धुराड्यातून जातो, आणि तोही विषारी! त्यामुळे घरी प्रयोग करायचा विचारही नको.

खरी डोकेदुखी शेवटच्या थोड्या ऑक्सिजनची. ही क्रिया 1,300 अंशांच्या आसपास शक्य होते, तरी भट्टी 1,700 ते 2,100 अंशांपर्यंत न्यावी लागते. कारण टायटेनियमचं कार्बाइड, नायट्राइड आणि मोनॉक्साइड, तिघांची स्फटिकरचना एकाच साच्याची. कार्बनच्या जागी ऑक्सिजन बिनबोभाट बसून राहतो. नंतर पावडर दाबून भाजताना तोच वायू होऊन बाहेर पडतो आणि तुकडा सच्छिद्र राहतो. निर्वात भट्टीत वायू सतत ओढून घेतला, तर हे काम कमी तापमानात होतं.

नायट्राइडसाठी त्याच भट्टीत नायट्रोजन सोडायचा आणि कार्बन कमी घालायचा: 80 ग्रॅम ऑक्साइडला 24 ग्रॅम. तापमान फार चढवलं आणि कार्बन उरला असेल, तर नायट्राइडचं पुन्हा कार्बाइड व्हायला लागतं. मधल्या अवस्थेतलं कार्बोनायट्राइडही टाकाऊ नाही. सर्मेट टिपा त्याच्याच असतात. (ड्रिल बिटवरचा सोनेरी थर नायट्राइडचाच, पण तो या पावडरचा नव्हे. तो निर्वात पेटीत टायटेनियम धातू आणि नायट्रोजनपासून चढवतात.)

मग थेट इल्मेनाइटच भट्टीत घातलं तर? चालतं. आधी लोखंड सुटं होतं, मग कार्बाइड तयार होतं. पण दोन्ही एकमेकांत अडकलेले. लोखंड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून काढता येतं. कार्बाइडला ते आम्ल फारसं लागत नाही. मात्र वाळूतली इतर अशुद्धी मागे राहते, त्यामुळे असा माल टिपांपेक्षा झीजरोधक भागांसाठी बरा, असं माझं मत.