खडकाला भोक : पहारीपासून बोअरच्या गाडीपर्यंत

उन्हाळा आला की रात्री-अपरात्री बोअरच्या गाडीचा आवाज सुरू होतो. म्हणून आज काळ्या खडकाला भोक पाडायच्या हत्यारांचा थोडा इतिहास लिहितो.

जुनी पद्धत म्हणजे पहार आणि घण. एकानं पोलादी पहार उभी धरायची, दुसऱ्यानं घण घालायचा. प्रत्येक घावाला पहार जरा फिरवायची, नाहीतर ती अडकते. मधून मधून पाणी ओतून लांब दांड्याच्या पळीनं चुरा बाहेर काढायचा. भोक दोन-तीन फूट गेलं की त्यात सुरुंगाची दारू ठासायची. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या विहिरी अशाच फुटल्यात, आणि ते काम बहुतेक वडार समाजाच्या हातचं. बोरघाटातल्या रेल्वेचे २५ बोगदेही १८५६ ते १८६३ या काळात हातानंच फोडले. त्या कामावर हजारो मजूर मेले.

चीनच्या सिचुआन भागात मिठाच्या पाण्यासाठी बांबूच्या दोरीला जड लोखंडी छिन्नी बांधून ती उचलून आपटत. असं आपटत आपटत १८३५ साली त्यांनी १००० मीटर खोल भोक पाडलं. इंजिन नाही, वीज नाही. नुसती माणसं, जनावरं आणि सबुरी.

हवेच्या दाबावर चालणारं यंत्र आल्प्स पर्वतातल्या माँ सेनीच्या बोगद्यात गाजलं. तो बोगदा १८७१ ला पुरा झाला. पुढं हातोडाच भोकात उतरवला. आजच्या गाडीत हॅमर थेट बिटाच्या डोक्यावर बसतो. कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून खाली जाते, हॅमर चालवते आणि चुरा वर फेकते. म्हणजे ठोकणं, फिरवणं, चुरा काढणं, ही तीन कामं तीच राहिली. फक्त महिन्यांचं काम एका दिवसावर आलं.

१९६७ च्या दुष्काळात युनिसेफनं अशी यंत्रं विमानानं भारतात आणली, ती पिण्याच्या पाण्यासाठी. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात बोअर आणि हातपंप गावोगाव झाले. पुढं बोअर शेतात आलं, आणि इथंच हिशोब बिघडला.

आपला खडक म्हणजे लाव्हाचे थर. घट्ट काळ्या पाषाणात पाणी राहत नाही. ते राहतं मुरमात, भेगांत, दोन थरांच्या सांध्यात आणि जाळीदार खडकात. या जागा बहुतेक करून वरच्या भागात असतात. खाली जावं तसं भेगा मिटत जातात. हत्यार हजार फूट जाऊ शकतं म्हणून पाणी हजार फुटांवर असेलच असं नाही.

दुसरं, बोअर म्हणजे टाकी नव्हे. साडेसहा इंची ३०० फूट बोअर काठोकाठ भरलं तरी त्यात साधारण २००० लिटर पाणी मावतं. २० फूट व्यासाच्या विहिरीत १० फूट पाणी असलं तर ते जवळपास ९०,००० लिटर भरतं. म्हणजे बोअर साठवत नाही, आजूबाजूच्या भेगांतून ओढतं. त्याच भेगा शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी देत असतात. म्हणूनच राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा, खोल नवीन बोअरला मनाई आहे.

पहारीच्या काळात माणूस खडक वाचत खाली जायचा. कुठं रंग बदलला, कुठं ओल लागली, सगळं डोळ्यांसमोर असायचं. गाडीच्या धुरळ्यात ते हरवलं. तरी बोअर घेणारच असाल तर वही घेऊन उभे राहा. दर दहा फुटांना चुरा कसा आला, पाणी कितव्या फुटाला लागलं, मुरूम कुठं संपला, ते लिहून ठेवा. केसिंग किती टाकायचं ते त्यावरच ठरतं. आणि घट्ट काळा पाषाण लागून वर नुसती कोरडी भुकटी येत राहिली, तर गाडीवाला "अजून शंभर फूट जाऊ" म्हणाला तरी थांबा. फुटाचे पैसे त्याला मिळतात, पाण्याची गरज आपल्याला आहे.

तुमच्या भागात पाणी कितव्या फुटाला लागतं, तेही खाली लिहा. शेजारच्या गावाला उपयोग होईल.