आजारपणात वजन खूप उतरलं? ते परत कसं मिळवायचं आणि घाई का करायची नाही

‘अरे, किती खराब झालास!’ ‘अगं, पार खंगलीस की!’

टायफॉइड, डेंग्यू, कावीळ किंवा एखाद्या ऑपरेशनमधून उठलेल्या माणसाला भेटायला येणारा जवळपास प्रत्येक जण हेच म्हणतो. पाठोपाठ सल्लाही येतो. कुणी केळी खायला सांगतं, कुणी डिंकाचे लाडू पाठवतं, तर कुणी जिममधल्या ओळखीतून पावडरचा मोठा डबा आणून देतं. आणि मग घरचे सगळे मिळून त्या माणसाला खाऊ घालायच्या मागे लागतात.

वजन कमी कसं करायचं, हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. पण नको असताना उतरलेलं वजन परत कसं आणायचं, यावर फार कमी बोललं जातं. खरं तर यातही चुका होऊ शकतात आणि काही चुका महागात पडतात.

तर समजून घेऊया, गेलेलं वजन नीट परत कसं मिळवायचं.

किती वजन कमी झालं तर काळजी करायची?

आधी कारण शोधायला हवं. ताप आला, आठ-दहा दिवस जेवण गेलं नाही आणि वजन दोन-तीन किलोंनी उतरलं, तर कारण उघड आहे. पण तसं काहीच नसताना सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांहून जास्त कमी झालं, तर डॉक्टरांकडे जाणं गरजेचं आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसासाठी तीन किलो.

आपोआप वजन घटण्यामागे टीबी, मधुमेह, थायरॉइडचं काम वाढणं, आतड्यांचे आजार, नैराश्य, कॅन्सर अशी बरीच कारणं असू शकतात. मधुमेह आटोक्यात नसेल, तर माणूस भरपूर खातो आणि तरीही वाळत जातो. अशा माणसाला लाडू खाऊ घातले, तर वजन वाढण्याऐवजी साखर वाढेल. म्हणून कारण माहीत नसेल, तर आहाराआधी तपासणी.

आपलं वजन खरंच कमी आहे का, याचा ढोबळ अंदाज बीएमआयवरून येतो. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उत्तर १८.५ पेक्षा कमी आलं, तर वजन कमी आहे असं मानतात. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसासाठी ही रेषा साधारण ५० किलोंवर येते.

कमी झालं ते नेमकं काय?

वजनाचा काटा फक्त एक आकडा दाखवतो. त्यात पाणी किती, चरबी किती, स्नायू किती, हे त्यावरून कळत नाही.

शरीराला अन्न मिळालं नाही की ते साठवलेली चरबी वापरतं, पण त्यासोबत स्नायूही मोडतं. ताप असेल तर स्नायू आणखी वेगाने झिजतात. त्यात अंथरुणावर पडून राहिलं की भर पडते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तब्येतीने ठणठणीत असलेल्या वयस्कर लोकांना १० दिवस अंथरुणावरच ठेवलं होतं. त्यांना खायला पुरेसं दिलं जात होतं. तरीही तेवढ्या दिवसांत त्यांच्या पायांतलं चरबी सोडून असलेलं वजन सरासरी एक किलोच्या आसपास घटलं.

आजारातून उठल्यावर जिना चढताना पाय थरथरतात, पाण्याची बादली जड वाटते, ती यामुळेच. म्हणजे आपल्याला नुसते किलो परत आणायचे नाहीत, तर ताकद परत आणायची आहे.

उपाशी राहिलेलं शरीर कसं भरून येतं?

हे समजून घ्यायला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जावं लागतं. युरोपात लाखो लोकांची उपासमार होत होती. युद्ध संपल्यावर त्यांना पुन्हा धडधाकट कसं करायचं, हा प्रश्न होता. त्याचं उत्तर शोधायला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज या शास्त्रज्ञाने १९४४ मध्ये एक प्रयोग सुरू केला. सैन्यात लढायला नकार दिलेले ३६ तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले.

२४ आठवडे त्यांना रोज साधारण १६०० कॅलरींच्या आतबाहेर खाणं दिलं गेलं. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असं साधं अन्न. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांश कमी झालं. ते चिडचिडे झाले, सतत जेवणाचाच विचार करू लागले.

पुढचा भाग आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. प्रयोग संपत आल्यावर त्यांचे गट करून वेगवेगळ्या प्रमाणात खाणं वाढवलं गेलं. काहींना जादा जीवनसत्त्वंही दिली. त्यातून दिसलं ते असं:

• ज्यांना पुरेशा कॅलरी मिळाल्या, ते लवकर सावरले. पोटभर अन्न नसेल, तर नुसत्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी फारसा फरक पडला नाही.
• चरबी आधी परत आली, स्नायू मागाहून.
• पोट भरलं तरी भूक भागत नव्हती आणि शरीर पूर्ववत व्हायला महिने लागले.

म्हणून आजारानंतर आधी पोट आणि गाल भरलेले दिसतात, पण अंगात जोर यायला वेळ लागतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण स्नायू परत हवे असतील, तर नुसतं खाणं पुरत नाही.

एकदम भरपूर खाल्लं तर काय होतं?

चार दिवस तापात पडलेल्या माणसाने बरं वाटल्यावर नेहमीचं जेवण सुरू केलं, तर सहसा काही बिघडत नाही. पण बरेच दिवस जवळपास उपाशी असलेल्या माणसाला अचानक पोटभर जेवण दिलं, तर त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. डॉक्टर याला ‘रिफीडिंग सिंड्रोम’ म्हणतात. महायुद्धात सुटका झालेल्या कैद्यांमध्ये हा प्रकार ठळकपणे दिसला होता.

उपासमारीत शरीरातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम संपत आलेलं असतं. अचानक भात-साखरेसारखे पदार्थ पोटात गेले की इन्सुलिन वाढतं आणि उरलेसुरले क्षार रक्तातून पेशींमध्ये ओढले जातात. रक्तातली त्यांची पातळी एकदम खाली येते. त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो.

पुढीलपैकी काही लागू असेल, तर खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावं:

• बीएमआय १६ पेक्षा कमी आहे
• तीन ते सहा महिन्यांत वजन १५ टक्क्यांहून जास्त उतरलं आहे
• १० दिवसांहून अधिक काळ पोटात जवळपास काहीच गेलेलं नाही

दारूचं व्यसन असलेल्यांना हा धोका जास्त असतो.

मग खायचं काय आणि किती?

वरच्या यादीत तुम्ही बसत नसाल, तर नेहमीच्या जेवणापेक्षा रोज ३०० ते ५०० कॅलरी जास्त, हे सर्वसाधारण प्रमाण आहे. एवढ्याने आठवड्याला पाव ते अर्धा किलो वजन वाढू शकतं. यासाठी काही महागडं आणावं लागत नाही. अंदाज येण्यासाठी हे आकडे पाहा:

• म्हशीचं दूध, एक पेला (२०० मिली): सुमारे २१० कॅलरी
• मूठभर शेंगदाणे (३० ग्रॅम): सुमारे १७० कॅलरी
• एक मध्यम केळं: सुमारे १०० कॅलरी
• साजूक तूप, दोन छोटे चमचे: सुमारे ९० कॅलरी

झाली बेरीज साडेपाचशेच्या पुढे. हे जेवणाऐवजी नाही, जेवणाशिवाय घ्यायचं.

स्नायूंसाठी प्रथिनं लागतात. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं भारतातलं प्रमाण आहे. आजारातून उठलेल्यांना सहसा १.२ ते १.५ ग्रॅम सांगितलं जातं. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मात्र हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, वर सांगितलेल्या मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम. डाळी, मोड आलेली कडधान्यं, पिठलं, दही, पनीर, सोयाबीन, मासे, चिकन यांतून उरलेली भरपाई होते. सगळी प्रथिनं एकाच जेवणात घेण्यापेक्षा दिवसभरात वाटून घेतलेली बरी.

भूकच लागत नसेल तर?

आजारानंतर हीच सगळ्यात मोठी अडचण असते. ताट भरून समोर ठेवलं की ते पाहूनच पोट भरतं. अशा वेळी:

• तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं खा.
• आहे त्याच घासाचा कस वाढवा. मऊ भातावर मेतकूट आणि तूप, खिचडीत जास्त डाळ, थालीपिठावर लोणी, उपम्यात शेंगदाणे, नाचणीची खीर दुधातली.
• जेवणाच्या आधी चहा आणि पाण्याने पोट भरू नका. चहा जेवणानंतर तासाभराने घेतला तर अन्नातलं लोहही नीट मिळतं.
• चावायचा कंटाळा येत असेल तर दूध-केळं, सातूचं पीठ, घट्ट ताक, डाळीचं कढण असं प्यायला घ्या.

वडापाव, वेफर्स, कोल्ड्रिंक यांनीही वजन वाढतं. पण ते वाढतं पोटावर, आणि झिजलेले स्नायू तसेच राहतात.

अशक्तपणात व्यायाम कशाला?

खाल्लेल्या प्रथिनांचे स्नायू व्हायचे असतील, तर स्नायूंना काम द्यावं लागतं. सुरुवात अगदी छोटी असू द्या. घरातल्या घरात चालणं, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर मारणं. एका वेळी आठ-दहा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. ताप असताना किंवा छातीत धडधडत असताना व्यायाम नको. डेंग्यू, टायफॉइड किंवा ऑपरेशननंतर कधी सुरू करायचा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पावडर आणि टॉनिक घ्यावं का?

बाजारातल्या बऱ्याच ‘मास गेनर’ पावडरींत मोठा भाग साखर आणि पिष्टमय पदार्थांचा असतो. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रथिनांच्या पावडरी टाळण्याचा सल्ला दिला आहे. रुग्णासाठी डॉक्टरांनी एखादी पावडर लिहून दिली असेल, तर गोष्ट वेगळी.

जास्त सावध राहायचं ते विनालेबल पुड्यांपासून. ‘१५ दिवसांत अंग भरेल’ अशा जाहिरातींखाली विकल्या जाणाऱ्या औषधांत स्टेरॉइडची भेसळ आढळल्याची उदाहरणं आहेत. स्टेरॉइडने भूक वाढते, चेहरा गोल होतो, माणूस भरलेला दिसतो. प्रत्यक्षात अंगात पाणी साचतं, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात आणि स्नायू झिजतात. म्हणजे जे परत आणायचं होतं, तेच आणखी जातं.

टीबीत वजन वाढणं इतकं महत्त्वाचं का?

वजनाचा प्रश्न दिसण्यापुरता नाही, हे टीबीवरून कळतं. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात ‘राशन्स’ नावाचा अभ्यास झाला. २,८०० टीबी रुग्णांना औषधांसोबत दरमहा तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल असा १० किलोंचा शिधा दिला गेला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी असल्याचं दिसलं. ४० किलोच्या रुग्णासाठी हे ५ टक्के म्हणजे फक्त दोन किलो.

टीबीचे उपचार सुरू असलेल्यांना ‘निक्षय पोषण’ योजनेतून उपचार संपेपर्यंत दरमहा १,००० रुपये थेट बँक खात्यात मिळतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. घरात कुणी टीबीचं रुग्ण असेल, तर सरकारी दवाखान्यात नोंद झाली आहे का, हे विचारून घ्या.

डाएट करता करता वजन जास्तच उतरलं तर?

सगळ्यांचं वजन आजाराने उतरत नाही. काही जण डाएट सुरू करतात आणि थांबणं जमत नाही. मासिक पाळी बंद होणं, सतत थंडी वाजणं, केस गळणं, चक्कर येणं या शरीराच्या तक्रारी असतात. तरीही खायची भीती वाटत असेल, वजन अर्धा किलो वाढलं तरी जीव कासावीस होत असेल, तर ‘खा की जरा’ म्हणून उपयोग होत नाही. हा मानसिक आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनवर, म्हणजे १४४१६ या क्रमांकावर, मोफत बोलता येतं.

सुधारणा होतेय हे कसं ओळखायचं?

वजन आठवड्यातून एकदाच करा. सकाळी, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. रोज काट्यावर उभं राहिलं तर पाण्याच्या चढउताराने उगाच जीव वरखाली होतो. त्यासोबत हेही पाहा: जिना न थांबता चढता येतो का? खुर्चीतून आधाराशिवाय उठता येतं का? भूक वेळेवर लागते का? आणि महिनाभर नीट खाऊनही काटा हलला नाही, किंवा वजन उतरतच राहिलं, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा.

राहिले भेटायला येणारे. त्यांनी ‘किती खराब झालास’ म्हणण्यापेक्षा येताना पाव किलो शेंगदाणे किंवा डझनभर अंडी आणली, तर आजारी माणसाला त्याचा जास्त उपयोग होईल.