पत्त्यांतील आरंभींचें शून्य

इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीचे नियम १९८१ सालीं ठरले. त्यांप्रमाणें यंत्राचा पत्ता म्हणजे ३२ द्विमान अंकांची एकच संख्या होय. माणसांस वाचतां यावी म्हणून तिचे चार तुकडे पाडून मध्यें टिंबें देतात. १२७.०.०.१ हा प्रत्येक यंत्राचा स्वतःकडे वळणारा पत्ता. तो न तोडतां लिहिला तर २१३०७०६४३३ असा होतो, आणि नवल हें कीं, ब्राउझरला तोहि चालतो! नुसतें १२७.१ लिहिलें तरी भागतें. शेवटची संख्या उरलेली सारी जागा व्यापते, असें तो धरतो.

हें औदार्य आलें कोठून? १९८३ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठानें युनिक्सची ४.२बीएसडी ही आवृत्ति प्रसिद्ध केली. तींत पत्ता वाचणारा जो लहानसा भाग होता, त्यानें आंकडे ओळखण्यासाठीं सी भाषेचीच रीत उचलली. त्या रीतींत आरंभीं शून्य असेल तर संख्या अष्टमान, शून्यापुढें एक्स असेल तर षोडशमान. डावीकडच्या शून्याला किंमत नाहीं, हें मराठी दुसरींतला मुलगाहि सांगेल. त्याच्या लेखीं ०१० म्हणजे दहाच. सी भाषेच्या लेखीं मात्र ते आठ! पुढें असंख्य प्रोग्रॅमांनीं हाच भाग जसाच्या तसा वापरला, आणि सोय म्हणून आलेली गोष्ट वहिवाट होऊन बसली. २००५ च्या आरएफसी ३९८६ नें असले पत्ते आपल्या व्याकरणांत घेतले नाहींत, उलट त्यांपासून सावध राहण्यास सांगितलें. तोंवर वहिवाट मुरली होती.

खरा धोका दोन वाचकांच्या मतभेदांत आहे. समजा, दारावरचा पहारेकरी प्रोग्रॅम शून्य गाळून ०१२.०.०.१ हा पत्ता बाराचा, म्हणजे बाहेरचा, समजला व त्यानें वाट दिली. आंत प्रत्यक्ष जोडणी करणारा भाग तोच पत्ता अष्टमानानें वाचून १०.०.०.१ कडे, म्हणजे घरच्या खासगी जाळ्यांत, नेऊन सोडतो. २०२१ सालीं ‘नेटमास्क’ या जावास्क्रिप्ट संग्रहांत नेमका हाच दोष उघडकीस आला. त्याच वर्षीं पायथॉन भाषेच्या पत्ते तपासणाऱ्या विभागांतहि तो सांपडला, ३.९.५ या आवृत्तीपासून पायथॉननें आरंभींचें शून्य असलेले पत्ते सरळ नाकारले.

ब्राउझरवाल्यांनीं निराळा मार्ग धरला. ‘यूआरएल स्टँडर्ड’ या त्यांच्या नियमग्रंथानें जुनी रीत मोडली नाहीं. ती बिनचूक लिहून काढली, म्हणजे सर्वांचें वाचन निदान एकच व्हावें. म्हणून तेथें ०१० चें आजहि ८ होतें, आणि पत्त्याच्या चौकटींत नेहमींचें चार तुकड्यांचें रूप उमटतें. ०९ लिहिलें तर मात्र पत्ताच बाद. अष्टमानांत नऊ हा अंकच नाहीं.