निशाणी नांगर

बँकेत दोन माणसांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास असावा लागतो, आणि तो मुळीच नाही अशा थाटात दोघांना वागावे लागते. तिजोरीला किल्ल्या दोन. एक साहेबांकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. एकटा कुणी उघडायला गेला तर तिजोरी ढिम्म! अशी आम्ही शहाणी माणसे. पण संगणक आला आणि पासवर्डाची तपकिरीची डबी झाली. ज्याला लागेल त्याने चिमूट घ्यावी.

वास्तविक 'हा मीच' असे कागदाला पटवून देण्याचा उद्योग आपल्याकडे फार जुना. जुन्या दस्तऐवजांत कुणब्याच्या नावाशेजारी नांगर काढलेला असे, बाईच्या नावाशेजारी बांगडी. अडचण एवढीच, की नांगर कुणालाही काढता येतो. इंदापूर तालुक्यात 1835-36 साली गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी जमिनीची नवी पाहणी केली. शेताला नंबर मिळाला. शेतकरी मात्र नांगरावरच राहिला. खत सावकाराने लिहायचे, वाचूनही त्यानेच दाखवायचे, आणि कुळाने खाली निशाणी करायची! वर काय लिहिले आहे ते देव आणि सावकार जाणे.

त्याचा हिशेब चुकता झाला 12 मे 1875 रोजी, सुप्याच्या बाजारात. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. लोक सावकारांवर उठले, दुकाने लुटली, खतपत्रे हिसकावली. इतिहासात यालाच दख्खनचे दंगे म्हणतात. चार वर्षांनी, 1879 साली, सरकारने कायदा केला : शेतकऱ्याचे खत गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हावे, आणि कुळाने मागितले तर सावकाराने त्याला पासबुक द्यावे. थोडक्यात, नुसती निशाणी पुरत नाही. ती करताना तिसऱ्या कुणीतरी पाहिले पाहिजे. आमच्या बँकेत व्हाऊचर एकाने टाकायचे आणि दुसऱ्याने पास करायचे, त्यामागे हेच शहाणपण आहे.

संगणकाला पासवर्ड लागला तो अमेरिकेत. 1961 साली एमआयटी या संस्थेत कोर्बाटो नावाच्या प्राध्यापकांनी एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरायची सोय केली. चाळीत नळ एक आणि बिऱ्हाडे अनेक. तेव्हा प्रत्येकाच्या बादलीला झाकण हवे म्हणून पासवर्ड आला. पुढच्याच वर्षी शेर नावाच्या विद्यार्थ्याला यंत्रावरचा आपला ठरीव वेळ पुरेना. त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली! कुलूप निघाल्यावर वर्षभरात डुप्लिकेट किल्ली निघावी, यात आम्हा बँकवाल्यांना नवल ते काय?

आपल्या बँकांत यंत्रांबाबत संघटनांशी करार झाला 1983 साली, आणि रंगराजन समितीचा अहवाल आला 1984 साली. मी नोकरीला लागलो तोवर संगणक टेबलावर आले होते, पण प्रत्येक शाखेचा संसार वेगळा होता. आमच्या बारामतीच्या शाखेत एक अण्णा होते. त्यांचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या स्कूटरचा नंबर. तो शिपायापासून चहावाल्यापर्यंत सर्वांना तोंडपाठ! अण्णांची बदली इंदापूरला झाली. निरोप समारंभ झाला, नारळ दिला, भाषणे झाली. फक्त संगणकाला कुणी सांगितले नाही. "राहू दे हो, नवा माणूस येईपर्यंत उपयोगी पडेल," असे ठरले.

सहा महिन्यांनी अण्णांना इंदापुरात मेमो गेला. बारामतीत एका विधवेच्या खात्यातली रक्कम भलत्याच खात्यात गेली होती, आणि नोंद अण्णांच्या नावावर होती. तीस वर्षांची नोकरी, दीड वर्षावर आलेली निवृत्ती. अण्णा आठवडाभर जेवले नाहीत. त्यांना वाचवले ते इंदापूरच्या हजेरीपटाने! त्या दिवशीची त्यांची निळ्या शाईची सही तिथे होती. बाईंचे पैसे परत मिळाले. पण ती नोंद कुणी केली, ते शेवटपर्यंत समजले नाही. समजणार कसे? नांगर अण्णांचा होता, धरणारे हात दहा.

तेव्हापासून माझे मत पक्के आहे. माणूस बदलून गेला की हारतुऱ्याच्या आधी त्याचे संगणकातले नाव बंद करावे. सहकाऱ्याला उसने पैसे द्यावेत, छत्री द्यावी, फार तर पेनही द्यावे. निशाणी देऊ नये.

हल्ली पुष्कळ बँकांत पासवर्डाबरोबर बोटाचा ठसाही लागतो. अंगठा टेकवल्याशिवाय यंत्र उघडत नाही. शेतकऱ्याच्या पोरांनी अंगठा सोडून सही शिकावी म्हणून केवढा आटापिटा झाला. आणि आम्ही बी. कॉम. झालेली मंडळी रोज सकाळी दहा वाजता रांगेने अंगठा करतो!