रिकाम्या खुर्चीची साक्ष

अमेरिकेतल्या गरीब शेतकऱ्यांचे चेहरे जगाला परिचित झाले ते १९३० नंतरच्या दशकात. मंदी होती, मैदानी राज्यांत धुळीची वादळे उठत होती, आणि फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्यातल्या रॉय स्ट्रायकरने छायाचित्रकारांची एक तुकडीच खेड्यापाड्यांत धाडली होती. डोरोथिया लँगने १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या मजुरांच्या तळावर टिपलेली चिंताक्रांत आई आजही त्या काळाची ओळख म्हणून छापली जाते. त्याच सुमारास राइट मॉरिस नावाचा एक तरुण, ज्याची एकही कादंबरी तोवर छापून आलेली नव्हती, स्वतःच्या मोटारीतून कॅमेरा घेऊन देशभर हिंडत होता. दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलमध्ये पोलिसांनी त्याला संशयित भटक्या म्हणून कोठडीतही टाकले. त्याच्या छायाचित्रांत घरे आहेत, गोदामे आहेत, चर्च आहेत, खुर्च्या आणि पलंग आहेत. माणसे जवळजवळ नाहीत. हा त्याचा भिडस्तपणा होता किंवा कलावंताची अलिप्तता होती, असे सांगून हा विषय अनेकदा मिटवला जातो. मला ते पटत नाही. माणूस वगळणे ही मॉरिसची इतिहास सांगण्याची विचारपूर्वक निवडलेली रीत होती. ती त्याला परवडली, कारण माणसांसाठी त्याच्या हाताशी दुसरे साधन होते. तो कादंबरीकार होता.

या निवडीचे मूळ त्याच्या गावात आहे. मॉरिसचा जन्म ६ जानेवारी १९१० रोजी नेब्रास्कातल्या सेंट्रल सिटीत झाला. प्लॅट नदीच्या काठावरचे, युनियन पॅसिफिक रेल्वेच्या रुळांलगतचे हे छोटे गाव. त्याचे आधीचे नाव लोन ट्री, म्हणजे नदीकाठच्या एकट्या झाडाचे गाव; मॉरिसने कादंबऱ्यांतून तेच नाव पुन्हा वापरात आणले. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर देऊ केले आणि रेल्वेने वसाहतकऱ्यांना या सपाट प्रदेशात आणून सोडले. पूर्वेकडच्या ओल्या जमिनीत १६० एकर भरपूर होते; शंभराव्या रेखांशाच्या पलीकडे, जिथे पावसाची हमीच नाही, तिथे ते पुरेनात. वसणे आणि उठणे या दोन्ही गोष्टी त्या प्रदेशात एकाच पिढीने पाहिल्या. मॉरिसच्या घरात तर हे अधिकच वेगाने घडले. त्याच्या जन्मानंतर सहाव्या दिवशी आई गेली. वडील रेल्वेत नोकरीला होते. पुढे कोंबड्या-अंड्यांच्या धंद्याच्या मागे लागून ते मुलासह ओमाहाला आणि तिथून शिकागोला गेले. ज्या आईची त्याला एकही आठवण असणे शक्य नव्हते, ती त्याच्यापर्यंत पोचली असेल तर नातेवाइकांच्या बोलण्यातून आणि त्यांच्या घरांतल्या वस्तूंतूनच. गेलेल्या माणसाचा माग वस्तूंत शोधण्याची सवय त्याला कॅमेऱ्याने लावली असे म्हणण्यापेक्षा त्या सवयीनेच कॅमेरा हातात दिला, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

त्या काळात छायाचित्रे आणि मजकूर एकत्र गुंफणारी पुस्तके जोरात होती आणि मॉरिस त्यांच्याशी अबोल वाद घालत होता, हेही लक्षात घ्यावे लागते. १९३७ साली मार्गारेट बर्क-व्हाइट आणि अर्स्किन कॉल्डवेल यांचे दक्षिणेतल्या गरिबांवरचे पुस्तक आले. त्यात चित्रांखालची वाक्ये त्या शेतकऱ्यांच्या तोंडची वाटतात, पण ती लेखकद्वयाने स्वतः रचलेली होती आणि तसे त्यांनी पुस्तकातच नमूद केले आहे. १९४१ मध्ये जेम्स एजी आणि वॉकर एव्हान्स यांनी अलाबामातल्या तीन खंडकरी कुटुंबांवरचे पुस्तक काढले. तिथे एव्हान्सची चित्रे ओळींशिवाय सुरुवातीलाच येतात आणि मग एजीचा शब्दांचा पूर. आपण परक्यांच्या घरात डोकावतो आहोत ही टोचणी एजीला पानोपानी छळते. मॉरिसने हाच प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. चेहरा समोर आला की पाहणारा दया करू लागतो, आणि दया वर्तमानाशी बांधलेली असते. या माणसाचे आज काय होणार, एवढेच ती विचारते. झिजलेला उंबरठा पाहताना तो किती वर्षे आणि कोणाच्या पायांनी झिजला हे विचारावेसे वाटते. हा दुसरा प्रश्न इतिहासाचा आहे.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९४१ मध्येच त्याची काही छायाचित्रे विकत घेतली होती, आणि १९४२ व १९४६ साली गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. १९४६ च्या ‘द इनहॅबिटंट्स’मध्ये एका पानावर इमारत आणि समोरच्या पानावर कोणाचा तरी आवाज अशी रचना आहे. शीर्षकाचा अर्थ रहिवासी, आणि चित्रात रहिवासी कोणीच नाही. पण खरी कसोटी १९४८ च्या ‘द होम प्लेस’ची. ही कादंबरी एका दिवसात घडते. न्यूयॉर्कमध्ये घर मिळत नाही म्हणून क्लाइड मन्सी बायको-मुलांसह नेब्रास्कातल्या शेतावर, हॅरीकाका आणि क्लारा काकूकडे येतो. शेजारी एड नावाच्या नातेवाइकाचे घर रिकामे होऊ घातले आहे. तिथे राहता येईल का हे पाहायचे असते. मजकुराच्या जवळपास प्रत्येक पानासमोर एक छायाचित्र आहे. ती चित्रे मॉरिसने १९४७ मध्ये नॉरफॉक गावाजवळच्या आपल्या खऱ्या हॅरीकाकांच्या शेतावर, तिपाईवरच्या मोठ्या कॅमेऱ्याने घेतली. दाराशेजारची सरळ पाठीची खुर्ची, लंबगोल आरशात उमटलेली खोली, चमचे-काट्यांचा खण, एडच्या घरातले कपाट. काका एका चित्रात दिसतात ते पाठमोरे, कोठीच्या अंधाऱ्या दारात शिरताना. त्या पाठीत आणि सैल पँटमध्ये म्हाताऱ्या शेतकऱ्याचे सगळे आयुष्य वाचता येते. चेहरा असता तर नजर तिथेच अडकली असती. आणि काका बोलतात कसे, काकू पाहुण्यांना कशी जोखते, शहरी सुनेचा धीर कुठे सुटतो, हे सारे मॉरिसने शब्दांवर सोपवले. ही कामाची वाटणी आहे. नेमक्या तिच्यामुळेच हे पुस्तक सजवलेली कादंबरी होत नाही.

यावर पहिला आक्षेप राजकीय आहे, आणि तो हलका नाही. माणूस काढून टाकला की शोषणही चित्रातून निघून जाते. बँक, सावकार, धान्याचा भाव यांपैकी काहीच झिजलेल्या खुर्चीत दिसत नाही. लँगच्या चित्रांनी सरकारला हलवले, मॉरिसच्या चित्रांनी कोणाच्या पोटात अन्न गेले नाही. हे कबूलच. पण निकडीच्या कागदपत्रांचे आयुष्य निकडीएवढेच असते. अमेरिकेतल्या शेतांची संख्या १९३५ मध्ये सुमारे ६८ लाख होती. १९७४ पर्यंत ती २३ लाखांच्या आसपास आली. बहुतेक शेतकरी कुटुंबे वादळाने उठली नाहीत. यंत्रे आली, मुले शहरात गेली, म्हातारे वारले, जमीन शेजाऱ्याने घेतली. असे हळूहळू रिकामे होणे बातमीत बसत नाही. मॉरिसची खुर्ची त्याची साक्ष देते, आणि त्या ऱ्हासाचे इतके चांगले चित्र मला दुसऱ्या कोणाकडे आढळत नाही.

दुसरा आक्षेप स्मरणरंजनाचा. जुन्या वस्तू, मावळतीचे ऊन, शहरात स्थिरावलेला भाचा-पुतण्या. हे मिश्रण गोड व्हायला वेळ लागत नाही, आणि ‘द होम प्लेस’ची काही पाने त्या काठावरून चालतात हे खरे. तरी कथेचा निकाल पाहावा: मन्सी कुटुंब एडच्या घरात राहत नाही. मेलेल्या माणसाच्या खणांत आपले सामान भरण्याचा हक्क आपल्याला नाही हे त्यांना कळते. पुढच्या कादंबऱ्या तर अधिक निर्दय आहेत. १९६० च्या ‘सेरेमनी इन लोन ट्री’वर नेब्रास्काला हादरवणाऱ्या चार्ल्स स्टार्कवेदरच्या हत्यासत्राची सावली आहे, स्मृतीत रमणारे कुटुंब एकत्र येते आणि त्याच समाजातून एक खुनी पोरगा उगवलेला असतो. १९८० च्या ‘प्लेन्स साँग’मध्ये कोरा ही शेतकऱ्याची बायको लग्नाच्या रात्री वेदनेने स्वतःचाच हात चावते आणि घोडा चावल्याचे कारण सांगितले जाते. ज्या घरातली खुर्ची आपण आदराने पाहिली, त्या घरात बाईने काय सोसले हे तिथे कळते. ते छायाचित्राला सांगता आले नसते.

मग वाटणी मोडली का? १९४९ ची ‘द वर्ल्ड इन द अ‍ॅटिक’ छायाचित्रांसह ठरली होती, निघाली चित्रांविना. छपाईचा खर्च होता. शिवाय हा छायाचित्रकार कादंबरी लिहितो की कादंबरीकार फोटो काढतो, हा संभ्रम प्रकाशकाला नको होता. ‘द होम प्लेस’मध्येही चित्रे पानाच्या मापात बसवताना कडा कापल्या गेल्या. पुढे वीस वर्षे त्याने शब्दांवरच भर दिला, ‘द फील्ड ऑफ व्हिजन’ला १९५७ चा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला, आणि १९६८ मध्ये जुनीच छायाचित्रे नव्या मजकुरासह ‘गॉड्स कंट्री अँड माय पीपल’मध्ये आली. म्हणजे रीत फसली नव्हती. बाजाराने तिला जागा दिली नाही.

या रीतीची खरी मर्यादा वेगळीच आहे आणि मॉरिसच्या चाहत्यांना ती सहसा खुपत नाही. लोन ट्रीच्या आसपासचा प्लॅटचा परिसर पॉनी लोकांचा होता. १८५७ च्या तहाने त्यांनी उरलीसुरली जमीन सोडली, जवळच लूप नदीकाठी त्यांना राखीव पट्टा मिळाला, आणि १८७३ ते १८७५ दरम्यान तेही सोडून त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. मॉरिसचा जन्म त्यानंतर पस्तीस वर्षांनी. त्याच्या चित्रांतला रिकामेपणा वसाहतकऱ्यांपासून सुरू होतो. त्यांच्या आधीच्या रिकामेपणाचा त्यात पत्ता नाही. वस्तूंची साक्ष मागणारी पद्धत ज्यांच्या वस्तू उरल्या त्यांचाच इतिहास सांगते.

मॉरिस १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात वारला. छायाचित्रांचा मोठा संग्रह अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या छायाचित्रण केंद्रात आहे आणि कादंबऱ्या नेब्रास्का विद्यापीठाच्या मुद्रणालयाने पुन्हा छापल्या. त्याने एकत्र ठेवू पाहिलेल्या दोन गोष्टी अशा दोन राज्यांत गेल्या. वाचकाने निदान ‘द होम प्लेस’ आणि ‘प्लेन्स साँग’ लागोपाठ वाचाव्यात, आणि पहिलीतली चित्रे आधी चाळून न संपवता मजकुराच्या गतीनेच पाहावीत.